बरणी पालथी घालून बघा

आत्याच्या माळ्यावरून गेल्या महिन्यात चिनी मातीच्या तीन बरण्या आणि दह्याचा एक सट, म्हणजे दही लावायचं भांडं, खाली आला. बरण्या नेहमीच्याच, वर तपकिरी आणि खाली पांढुरक्या. एकीच्या गळ्याला दादऱ्याची, म्हणजे तोंडावर बांधायच्या फडक्याची, सुतळी अजून गुंडाळलेली होती. "आता अँटीक आहेत या, चांगले पैसे येतील," असं भाच्याचं म्हणणं. मी पहिली बरणी पालथी घातली.

झिलई म्हणजे भांड्यावरचा चकचकीत थर. भट्टीत ती वितळून तिची काच होते. तळाच्या कडेलाही ती लावली असती, तर भांडं भट्टीतल्या फळीला कायमचं चिकटलं असतं. म्हणून कुंभार ती कड पुसून कोरी ठेवतो आणि आतली माती तेवढ्या एका जागी उघडी राहते. तिथे पाण्याचा थेंब ठेवायचा. थेंब तसाच बसून राहिला, तर भाजणी १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास झालेली असते आणि मातीचा काही भाग काचेसारखा होऊन छिद्रं बुजलेली असतात. थेंब चटकन जिरला, तर भांडं माठाच्या जातीचं, फक्त वरून चकचकीत केलेलं.

आमच्या तिन्ही बरण्यांवर थेंब बसला. सटाने तो पिऊन टाकला.

दुरंगी बरणीची चाल मूळची इंग्लंडातली. त्याआधी तिकडे मिठाची झिलई असायची. भट्टी ऐन भरात असताना आत मीठ फेकायचं. त्यातला सोडियम वाफेतून मातीतल्या सिलिकाला आणि अॅल्युमिनाला धरतो आणि भांड्यावरच काच तयार होते, संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत. धुराड्यातून मात्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर निघतो. पुढे १८३५च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये फेल्डस्पार हे खनिज आणि झिंक ऑक्साइड यांची झिलई आली. गळ्याचा भाग लोहयुक्त द्रावणात बुडवायचा, उरलेला पांढऱ्यात. दोन्ही द्रावणं एकमेकांवर चढतात तिथे बोट फिरवलं, तर बारीकसा उंचवटा लागतो.

आपल्याकडच्या कितीतरी बरण्या सौराष्ट्रातल्या थानगड-वांकानेर पट्ट्यातल्या. थानगडच्या मातीवर हा धंदा उभा करणारे परशुराम गणपुले मराठी होते, हे लोणचं घालणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असतं. बंगालमध्ये राणीगंजला बर्न कंपनीचा कारखाना होता. कारखान्याचा ओल्या मातीत दाबलेला शिक्का झिलईच्या खाली जातो. झिलईच्या वर रंगवलेल्या शिक्क्यावर मात्र भरवसा ठेवू नये, तो कधीही उमटवता येतो.

झिलईवरच्या जाळीदार तड्यांना भुलू नका. थंड होताना झिलई मातीपेक्षा जास्त आकसली की ती ताणली जाते आणि तडकते. भांडं भट्टीतून निघाल्या दिवशीही हे होऊ शकतं, आणि त्या रेघांत चहाचं पाणी मुरवून भांडं जुनं दाखवता येतं. खरी झीज तळाच्या कडेवर असते. वर्षानुवर्षं फरशीवर सरकवल्याने पडलेले ओरखडे सगळ्या दिशांना जातात, पॉलिशपेपरचे एकाच दिशेने.

मग बोटाच्या पेराने टिचकी. अखंड बरणी खणकन वाजते. तडा असेल तर कंपनं तिथेच मरतात आणि आवाज बद्द येतो. नोटा तपासायचा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च हाताशी असेल तर अंधारात फिरवून पाहा. डिंक-रंगाने बुजवलेला टवका बऱ्याचदा वेगळाच चमकतो.

किमतीचं बोलायचं, तर १९७२च्या कायद्याप्रमाणे अशी वस्तू पुरावस्तू ठरायला निदान १०० वर्षांची असावी लागते. आत्याच्या बरण्या तिच्या लग्नानंतरच्या, म्हणजे तो प्रश्नच मिटला. जुन्या बाजारात मोल ठरतं ते आकार, शिक्का, जोडीचं झाकण आणि अभंगपणा यांवर. झाकण हरवलं की भाव पडतो, आणि झाकणं नेमकी हरवतातच.

वापरायचं असेल तर वेगळी काळजी. कमी तापमानावर भाजलेल्या जुन्या भांड्यांच्या झिलईत शिसं असू शकतं आणि आंबट पदार्थ ते ओढून घेतो. प्रयोगशाळेत ४ टक्के अॅसिटिक आम्ल भांड्यात २४ तास ठेवून, त्यात किती शिसं उतरलं ते मोजतात. ती तपासणी होईपर्यंत आमच्या सटात दही लागणार नाही. सध्या त्यात कपड्यांचे चिमटे आहेत.

तिसऱ्या बरणीच्या बुडाशी, बाहेरून, पांढरा बारीक फुलोरा दिसला. पुसला, आठवड्याने परत आला. चाटून बघितला तर खारट. कधीकाळचं लोणच्याचं मीठ न दिसणाऱ्या तड्यातून अजून बाहेर येत होतं.