लोहखडकाचं वय वेगळं, लोहखनिजाचं वेगळं

‘अडीचशे कोटी वर्षांपूर्वी समुद्रात ऑक्सिजन वाढला, विरघळलेलं लोह तळाशी बसलं आणि आज आपण खणतो ते लोहखनिज तयार झालं.’ हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचून मी कंटाळलो आहे. सुरुवात ठीक आहे. शेवटी मात्र दोन वेगळ्या वस्तू एक करून टाकल्या आहेत.

समुद्रतळाशी थरावर थर साचून झाला तो पट्टेदार लोहखडक, म्हणजे बीआयएफ (बँडेड आयर्न फॉर्मेशन). एक पट्टा लोहाचा, एक चर्टचा, म्हणजे सिलिकेच्या कठीण खडकाचा; सिलिका हा वाळूचा मुख्य घटक. त्यात लोह साधारण 30 टक्के असतं. खाणवाल्यांना हवं असतं ते त्यापासून पुढे झालेलं श्रीमंत हेमॅटाइट, म्हणजे लोह आणि ऑक्सिजनचं खनिज, 60 टक्क्यांहून जास्त लोहाचं. रंगावरून ओळखायच्या भानगडीत पडू नका. दोन्हींचे सारख्या आकाराचे तुकडे दोन हातांत घ्या, जड कोणता ते लगेच कळेल.

हे दुसरं पहिल्यापासून होतं कसं, ते खव्यासारखं आहे. खव्यात वरून काही घालत नाहीत, दुधातलं पाणी आटवतात. इथेही मुख्यतः सिलिका निघून जाते. खडकातल्या भेगांतून पाणी मुरतं, सिलिका विरघळवून नेतं, मॅग्नेटाइट या दुसऱ्या लोहखनिजाचं हेमॅटाइट होतं आणि लोहाचं प्रमाण वाढतं. म्हणजे वयंही दोन झाली: दूध काढल्याचं आणि खवा आटवल्याचं.

खरी गफलत होते ती वय मोजताना. ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागातली हॅमर्सली खोरी घ्या. तिथल्या लोहखडकात मधूनमधून ज्वालामुखीच्या राखेचे पातळ थर आहेत आणि राखेत झिरकॉन या खनिजाचे बारीक स्फटिक. झिरकॉन तयार होताना युरेनियम आत घेतो, शिसं जवळजवळ घेतच नाही. त्यामुळे आज त्यात सापडणारं शिसं बहुतेक युरेनियमच्या ऱ्हासातून आलेलं असतं, आणि युरेनियम-238 अर्धं व्हायला सुमारे 447 कोटी वर्षं लागतात. दोन्हींचं प्रमाण मोजलं की राख पडल्याची वेळ कळते. तिथल्या मुख्य लोहखडकांची वयं साधारण 260 ते 245 कोटी वर्षं येतात.

आता खाणीतलं श्रीमंत खनिज घ्या. झिरकॉन अतिशय चिवट. आजूबाजूची सिलिका धुऊन गेली तरी तो आपल्या थरात टिकतो आणि राख पडली तेव्हाचंच वय सांगत राहतो. ते वय खनिजाच्या नावावर लावणं म्हणजे दुधाची तारीख खव्याच्या डब्यावर चिकटवणं. सगळ्यात जास्त चीड मला याच चुकीची येते, कारण आकडा अचूक असतो आणि तरी विधान खोटं ठरतं.

म्हणून अनेक वर्षं आजूबाजूच्या इतर खनिजांवरून अंदाज बांधले गेले आणि खनिजीकरण, म्हणजे हे श्रीमंत खनिज तयार होणं, 220 ते 200 कोटी वर्षांपूर्वीचं मानलं गेलं. 2024 मध्ये कर्टिन विद्यापीठाच्या संशोधकांच्या गटाने थेट हेमॅटाइटमधलंच किंचितसं युरेनियम आणि शिसं मोजलं. वय आलं सुमारे 140 ते 110 कोटी वर्षं. म्हणजे खडक आणि खनिज यांच्यात शंभर कोटींहून जास्त वर्षांचं अंतर! समुद्रात ऑक्सिजन वाढण्याशी या खनिजीकरणाचा थेट संबंध उरतच नाही. संशोधकांनी ते कोलंबिया हे प्राचीन महाखंड फुटण्याशी आणि त्यानंतरच्या भूखंडांच्या हालचालींशी जोडलं आहे. नवे साठे शोधणाऱ्याने कोणत्या काळातल्या भेगा धुंडाळायच्या, हेही त्यामुळे बदलतं.

आपल्याकडे गोव्यात डिचोली, सत्तरी, सांगे भागात मूळ लोहखडक आर्कियन, म्हणजे अडीचशे कोटी वर्षांहून आधीच्या काळातला, पण आटवण्याचं काम बरंचसं पावसाच्या पाण्याने केलं, फार उशिरा. वर जांभ्याचं टोपण आणि खाली चिमटीत चुरणारं भुकटीसारखं हेमॅटाइट, ज्याला खाणीवर ब्लू डस्ट म्हणतात. त्या भुकटीला कुणी अडीचशे कोटी वर्षांची म्हटलं, तर ते वय तिच्या मूळ खडकाचं आहे.