फाल्कन नेमक्या किती बनल्या? जुन्या मसल कारच्या उत्पादनाचा हिशेब

2018 साली ऑस्ट्रेलियातील एका लिलावात फोर्ड फाल्कन जीटीएचओ फेज थ्री ही 1971 ची मसल कार, म्हणजे मोठ्या इंजिनाची वेगवान गाडी, दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपेक्षा अधिक किमतीला विकली गेली. ती पूर्वी वेगवान गोलंदाज जेफ थॉम्सन यांच्या मालकीची होती हे खरे, पण किंमत चढते ती मुख्यतः दुर्मिळतेमुळे. ऑस्ट्रेलियातील बाथर्स्टच्या मोटार शर्यतीत उतरवायची गाडी ठरावीक संख्येने ग्राहकांसाठीही बनवलेली असली पाहिजे, असा त्या काळचा नियम असल्याने कंपन्या अशा गाड्या जेमतेम तेवढ्याच बनवीत. फेज थ्रीचा आकडा साधारणपणे 300 आणि क्रायस्लर कंपनीच्या चार्जर ई49 या गाडीचा 149 मानला जातो. ज्या आकड्यांवर एवढ्या रकमा ठरतात, ते पडताळून कसे पाहायचे?

संख्याशास्त्रात या प्रश्नाला एक प्रसिद्ध उत्तर आहे. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांनी हाती लागलेल्या जर्मन रणगाड्यांच्या सुट्या भागांवरील अनुक्रमांक पाहून ऑगस्ट 1942 चे उत्पादन 327 असावे, असा अंदाज बांधला. हेरखात्याचा आकडा 1550 होता. युद्धानंतर सापडलेल्या जर्मन नोंदींत 342 निघाले. रीत सोपी आहे. समजा, पाच गाड्यांचे क्रमांक मिळाले आणि त्यांतला सर्वांत मोठा 240 आहे. 240 मध्ये त्याचाच पाचवा भाग, म्हणजे 48, मिळवून एक वजा केला की 287 हा अंदाज मिळतो. निम्म्या गाड्या भंगारात गेल्या असल्या, तरी त्याने या अंदाजाला बाध येत नाही. उरलेल्या गाड्या सगळ्या क्रमांकांमधून सारख्याच शक्यतेने उरलेल्या असल्या म्हणजे पुरे.

फाल्कनच्या बाबतीत मात्र ही रीत अडते. साधी जीटी असो वा तिची शर्यतीसाठीची आवृत्ती जीटीएचओ (थोडक्यात एचओ), चॅसिस क्रमांकाची, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाची, सुरुवात ‘जेजी33’ अशीच होते आणि पुढचा अनुक्रमांक केवळ एचओसाठी राखलेला नसतो. त्यामुळे सर्वांत मोठा क्रमांक हाती आला, तरी त्यावरून एचओ किती हे कळत नाही.

अशा वेळी प्राणिशास्त्रज्ञ जंगलातील प्राणी मोजण्यासाठी जी पद्धत वापरतात, ती उपयोगी पडते. एका क्लबच्या नोंदवहीत 120 गाड्या आहेत, लिलावांच्या जुन्या यादीत 90 आहेत आणि 60 गाड्या दोन्हींत आढळतात, असे धरू. 120 गुणिले 90 भागिले 60 केले की 180 येतात. हा अंदाज आज शिल्लक असलेल्या गाड्यांचा आहे, बनलेल्या गाड्यांचा नव्हे. हा भेद विसरून आकडे सर्रास उद्धृत केले जातात, हे मला गंभीर वाटते. शिवाय दोन्ही याद्या एकमेकींपासून स्वतंत्र असाव्या लागतात. जपलेली, नावाजलेली गाडी क्लबातही नोंदली जाते आणि लिलावातही येते. त्यामुळे सामाईक संख्या फुगते आणि अंदाज खऱ्यापेक्षा कमी येतो. उलट, साध्या जीटीला एचओचा साज चढवून केलेली नक्कल एकाच यादीत शिरली, तर अंदाज वाढतो. म्हणून गणितापूर्वी इंजिन क्रमांक, बॉडीवरील पट्टी आणि मूळ विक्रीची कागदपत्रे एकमेकांशी ताडून पाहणे अटळ ठरते.

नेमके काय मोजायचे, हेही आधी ठरवावे लागते. 1977 चे होल्डन कंपनीचे टोराना ए9एक्स हे स्वतंत्र मॉडेल नव्हते, तर टोरानावर मिळणारा एक पर्यायी संच होता. मग शर्यतीसाठी दिलेले सुटे सांगाडे त्याच्या एकूण संख्येत धरायचे की नाही? फाल्कनच्या फेज थ्रीनंतरच्या फेज फोरचे उत्पादन तर 1972 साली वेगवान गाड्यांविरुद्ध उठलेल्या गदारोळात रद्द झाले आणि तिच्या अवघ्या चार गाड्या झाल्याचे मानले जाते. एवढ्या लहान संख्येत एक गाडी इकडची तिकडे झाली, तरी आकड्यात पंचवीस टक्क्यांचा फरक पडतो. तिथे अंदाजाच्या सूत्रांचा उपयोग नाही, प्रत्येक गाडीचा इतिहास स्वतंत्रपणे तपासावा लागतो.