फिरती शेती

जंगलाचा एक तुकडा तोडायचा, वाळवून जाळायचा, त्या राखेत एक ते तीन वर्षे पिके घ्यायची आणि मग ती जागा रानाला परत देऊन दुसऱ्या तुकड्याकडे वळायचे, अशी शेतीची पद्धत. ईशान्य भारतात तिला झूम म्हणतात, आंध्र-ओडिशाच्या डोंगरांत पोडू, मध्य प्रदेशात बेवर, दक्षिण कोकणात आणि गोव्यात कुमरी किंवा कुमेरी. श्रीलंकेत चेना, इंडोनेशियात लादांग, मादागास्करमध्ये तावी. फिनलंडच्या थंडीतही सूचिपर्णी रान जाळून राय पिकवत. बहुतेक ठिकाणी गाव जागचे हलत नाही. फिरते ते शेत.

उष्ण कटिबंधातल्या मुसळधार पावसाने जमिनीतली पोषकद्रव्ये धुपून जातात. रानाचे खरे धन झाडापाल्यात साठलेले असते. जाळल्यावर पोटॅश, चुना आणि स्फुरद राखेतून मातीला मिळतात, तिचा आंबटपणा उतरतो, वरच्या थरातले तणाचे बी करपते. नत्र मात्र बराचसा धुरात जातो. दोन-तीन हंगामांत कस ओसरतो, तण माजते, आणि जमीन पड टाकावी लागते. पाहणाऱ्याला आग दिसते, पड दिसत नाही. ही शेती उभी असते ती मात्र पडीवर: रान पुन्हा वाढून पाला साठवील तेवढी वर्षे त्या जागेला मिळाली पाहिजेत.

मिझोराममध्ये हिवाळ्याच्या अखेरीस बांबूचे रान तोडून उन्हात वाळत ठेवतात. या सवडीच्या दिवसांत, मार्चमध्ये, चापचार कूट हा सण येतो. मग आग आणि पावसाच्या सुरुवातीला टोकणी. नांगर नसतो; उतारावरची माती फारशी उलथत नाही आणि बुंध्यांची मुळे तिला धरून ठेवतात. भात, मका, तीळ, मिरची, काकडी, भोपळा एकाच शेतात असतात आणि आगेमागे काढणीला येतात. मेक्सिकोतल्या मिल्पा शेतात मक्याच्या ताटावर घेवडा चढतो आणि भोपळ्याची पाने जमीन झाकतात.

झांबियातल्या बेंबा लोकांची चितेमेने पद्धत मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. तिथले रान विरळ, माती हलकी. शेतापुरत्या जागेतले लाकूड जाळून भागत नाही. म्हणून आजूबाजूच्या मोठ्या पट्ट्यात झाडांवर चढून फांद्या छाटतात आणि मधल्या लहान तुकड्यावर रचून जाळतात. झाड जिवंत राहते, त्याला पुन्हा फुटवा येतो. राखेत पहिले पीक नाचणीचे. कोकणात आणि मावळात राब भाजतात तो असाच: ऐनाच्या डहाळ्या, पातेरा, गवत, शेण दाढीच्या, म्हणजे रोपे वाढवण्याच्या, जागी थराथराने पसरायचे, वर माती भुरभुरायची, उन्हाळ्यात भाजायचे आणि पावसाला तिथे भात-नाचणीची रोपे करायची. राबाचे शेत फिरत नाही, पण बाहेरच्या रानाची ताकद एका लहान वाफ्यात आणण्याची युक्ती तीच आहे. नाचणीही मूळची पूर्व आफ्रिकेची.

ब्रिटिश वनखात्याने या शेतीकडे जंगलाचा नाश म्हणूनच पाहिले. मध्य प्रदेशातले बैगा आदिवासी नांगरणे म्हणजे धरतीमातेची छाती फाडणे मानत. १८९० मध्ये त्यांच्या बेवरला मंडला भागातील बैगा चक या राखीव क्षेत्रापुरते कोंडण्यात आले. ब्रह्मदेशात वनाधिकारी डीट्रिख ब्रांडिस यांनी १८५० च्या दशकात वेगळी वाट काढली. कारेन शेतकऱ्यांनी जाळलेल्या शेतात पिकांबरोबर सागाची रोपे लावायची. या पद्धतीला टाउंग्या म्हणतात. सागाची लागवड स्वस्तात झाली, पण वाढलेले सागवान सरकारच्या मालकीचे झाले. हा सौदा शेतकऱ्यांच्या फायद्याचा नव्हता.

आज अडचण पडीचीच आहे. लोकसंख्या वाढली, राखीव जंगले आणि बागायती मळ्यांनी जागा घेतली, आणि पंधरा-वीस वर्षांचा फेरा ईशान्य भारतात अनेक ठिकाणी चार-पाच वर्षांवर आला. एवढ्या अवधीत रान भरत नाही, उतार धुपतात. दोष जाळण्याच्या रीतीवर टाकला जातो, आक्रसलेल्या जमिनीचा विचार क्वचित होतो.

नागालँडच्या खोनोमा गावातल्या अंगामी शेतकऱ्यांनी थोडक्या पडीवरही मार्ग काढला आहे. झूमच्या शेतातली अल्डरची झाडे ते मुळापासून तोडत नाहीत. माणसाच्या उंचीपेक्षा थोडे वर खोड छाटतात. मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात, फांद्या सरपणाला होतात, आणि शेत सोडले की त्याच जुन्या खोडांना नवे कोंब फुटतात.