घर मुलांच्या नावावर करताना: ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ ची पार्श्वभूमी

‘हयातीतच नावावर करून टाकू, म्हणजे मागे भांडणं नकोत,’ असं म्हणणारे आईवडील आपल्याकडे घरोघरी आहेत. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला वा नातवंडाला बक्षीस द्यायची, तर २०१५ पासून मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये लागतं. स्थानिक अधिभार असेल तो वेगळा. तेव्हा बक्षीसपत्राचा मोह होणं साहजिक आहे. पण मृत्युपत्र शेवटपर्यंत कितीही वेळा बदलता येतं. बक्षीसपत्र नोंदवून स्वीकारलं गेलं, की मालकी गेली. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार ते केवळ मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही.

वृद्धांना पोटगीचा हक्क तसा जुना. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात तो होता, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १२५ खाली सर्वच धर्मीयांना मिळाला. कल्याणच्या एका विवाहित डॉक्टर लेकीविरुद्ध वडिलांनी केलेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये सांगितलं, की लग्न झालेल्या मुलीवरही ही जबाबदारी आहे. मात्र हे सारं पोटगीपुरतं. हातचं गेलेलं घर परत हवं, तर दिवाणी दाव्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि सत्तरीच्या माणसाला तारखांमागून तारखा झेपणार कशा?

ही उणीव २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायद्याने बऱ्याच अंशी भरून काढली. महाराष्ट्रात तो २००९ पासून लागू आहे. साठी पूर्ण झालेल्या कोणालाही वकिलाशिवाय, साध्या अर्जावर न्यायाधिकरणापुढे दाद मागता येते. पोटगीची कमाल मर्यादा मात्र महिना १०,००० रुपये ठेवली गेली. आजच्या औषधपाण्याच्या खर्चात ही रक्कम तोकडीच आहे. ती मर्यादा काढणारं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं, पण त्याचा कायदा झाला नाही.

या कायद्याचं खरं बळ कलम २३ मध्ये आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर तो व्यवहार फसवणुकीने झाला असं मानून रद्द करता येतो. कायदा लागू होण्याआधीच्या व्यवहारांना मात्र हे कलम लागत नाही.

अडचण ‘अटीवर’ या शब्दापाशी आली. आपल्याकडच्या बक्षीसपत्रांत ठरलेला मजकूर असतो: ‘नैसर्गिक प्रेम व मायेपोटी, कोणताही मोबदला न घेता...’ सांभाळाचा उल्लेखच नाही! पोटच्या पोराला अट कोण घालणार? डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की अशी अट गृहीत धरता येणार नाही. ती होती हे दाखवावं लागेल. पुढे मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या एका आईचं प्रकरण आलं. बक्षीसपत्राच्याच दिवशी मुलाने वचनपत्र दिल्याचं तिचं म्हणणं होतं: सांभाळलं नाही तर आईने मालमत्ता परत घ्यावी. उच्च न्यायालयात ती हरली. २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही कागद एकत्र वाचले, हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावायचा असतो असं सांगितलं आणि बक्षीसपत्र रद्द ठरवलं.

हे दोन्ही निकाल दोन न्यायमूर्तींच्या पीठांचे आहेत, त्यामुळे एक दुसऱ्याहून वरचढ ठरत नाही. म्हणून बक्षीसपत्र करायचंच असेल, तर सांभाळाची अट आणि आईवडील दोघांचाही तहहयात राहण्याचा हक्क त्याच नोंदणीकृत दस्तात स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावा.