रामदासी, मानभाव, आंबेडकरी: अनुयायांच्या नावांची पार्श्वभूमी

पैठणची साडी ती पैठणी, तसा रामदासांचा शिष्य तो रामदासी. नुसता 'ई' जोडला की नातं कळतं. समर्थ जालना जिल्ह्यातल्या जांबचे, जन्म १६०८ चा. त्यांच्या नावावर पंथ उभा राहिला. वारकऱ्यांचं उलट. नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई, पैठणचे एकनाथ, एवढे लिहिते संत असूनही नाव कुणाचंच नाही. वारी करतो तो वारकरी.

महानुभावांच्या वाट्याला मात्र वेगळंच आलं. चक्रधरस्वामींचा पैठणशी जवळचा संबंध. त्यांचे अनुयायी आपल्या पंथाला 'परमार्ग' म्हणत. 'महानुभाव' म्हणजे थोर प्रभावाचा माणूस; लोकांच्या तोंडी त्याचं 'मानभाव' झालं. पंथाविषयी संशय पसरला आणि म्हण रुजली: 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची'. आज कुणाला सहज 'मानभावी' म्हणणाऱ्याला आपण एका पंथाची जुनी बदनामी पुढे चालवतोय, याचा पत्ताही नसतो.

'वादी'चं मूळ 'वद्' धातूत, म्हणजे बोलणं. 'अद्वैतवाद' जुनाच, पण माणसाच्या नावाला 'वाद' चिकटवण्याची रीत विसाव्या शतकातली: मार्क्सवादी, गांधीवादी. गंमत म्हणजे मार्क्सनं आपण मार्क्सवादी नसल्याचं सांगितलं होतं, आणि गांधीजींनी १९३६ मध्ये 'गांधीवाद' नावाची वस्तूच नाकारली. (कोर्टात वादी म्हणजे दावा लावणारा, राजकारणातही फारसा फरक नसतो.)

मराठवाड्यात हे दोन्ही प्रत्यय एकाच नावाला लागतात. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. इथं चळवळ, जलसा, साहित्य हे 'आंबेडकरी', तर वैचारिक भूमिका सांगायची असली की माणूस स्वतःला 'आंबेडकरवादी' म्हणवतो. पहिला शब्द मला अधिक घरचा वाटतो. त्यात वाद घालावा लागत नाही. खेड्यात तर 'जयभीमवाले' म्हटलं की पुरतं, फक्त ते कोण कोणत्या सुरात म्हणतं ते ऐकावं लागतं.

मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळानं जुलै १९७८ मध्ये केला, तेव्हा गावोगावी 'नामांतरवादी' आणि 'नामांतरविरोधक' असे तट पडले. दलित वस्त्या जळाल्या. १४ जानेवारी १९९४ ला नाव लागलं, पण 'मराठवाडा' कायम ठेवून, म्हणून सरकारी भाषेत तो 'नामविस्तार' ठरला. ज्यांनी लाठ्या खाल्ल्या ते मात्र आजही 'नामांतराचा लढा' असंच म्हणतात.