दक्षिणा, पुण्याची

पेशवाईत दर श्रावणात पुण्यात ब्राह्मणांना सरकारी खजिन्यातून वाटले जाणारे धर्मदान. विधी आटोपल्यावर पुरोहिताच्या हातावर ठेवतात, ती दक्षिणा वेगळी. पुण्याच्या या दानातून एकोणिसाव्या शतकात ग्रंथकारांची बक्षिसे आणि विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या निघाल्या.

प्रघात पाडला तो सेनापती खंडेराव दाभाडे यांनी, तळेगावात. १७३१ साली डभोईच्या लढाईत त्यांचे पुत्र त्र्यंबकराव पहिल्या बाजीरावाविरुद्ध लढताना पडले आणि पुढे दक्षिणा पेशव्यांकडे, पुण्यात आली. पर्वतीजवळच्या ‘रमणा’ नावाच्या बंदिस्त आवारात दूरदूरचे ब्राह्मण जमत. वेदशास्त्रांत तयार असलेल्यांना अधिक, बाकीच्यांना सरसकट थोडी, अशी वाटणी होई. दान देश, काल आणि पात्र पाहून द्यावे, असे शास्त्र सांगते. पैकी पात्राची पारख एवढ्या गर्दीत कितपत होत असेल, याची शंकाच आहे.

पेशवाई बुडाल्यावर ही रक्कम एकदम तोडली तर पुण्यातला ब्राह्मणवर्ग बिथरेल, हे इंग्रज प्रशासक एल्फिन्स्टनने ओळखले होते. इंग्रजांनी दक्षिणा बंद केली नाही, आटवली. तिच्यातलाच काही पैसा वळवून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढचे डेक्कन कॉलेज याच पाठशाळेतून वाढले.

खरा वाद पेटला १८४९ मध्ये. दक्षिणेचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा, असा अर्ज लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि इतर सुधारकांनी सरकारकडे केला. सनातनी मंडळी खवळली. तेव्हा अर्जदारांच्या पाठीशी आपली माणसे घेऊन उभे राहिले जोतीराव फुले, वय जेमतेम बावीस. १८५१ मध्ये ग्रंथकारांना बक्षिसे देणारी दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली. त्याच फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक या कमिटीकडे पाठवले. अडाणी कुणबी जोडप्याला भटजी धर्माच्या नावाखाली कसा लुबाडतो, हा त्याचा विषय. कमिटीतल्या भटांपुढे कोणाचे काही चालले नाही, असे फुल्यांनी नंतर लिहून ठेवले. नाटक नाकारले गेले.

याच निधीतून कॉलेजांत ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. पदवी घेतलेल्या हुशार विद्यार्थ्याने वेतन घेऊन पुढचा अभ्यास करायचा आणि खालच्या वर्गांना शिकवायचे, अशी ही सोय. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर दोघेही दक्षिणा फेलो होते. फेलोशिप विसाव्या शतकातही चालू राहिली. १९२६ मध्ये फर्ग्युसन कॉलेजातून पदवीधर झालेल्या इरावती कर्वे यांना ती मिळाली. तिच्या आधारावर त्या मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र शिकायला गेल्या. एम. ए.च्या प्रबंधासाठी त्यांनी विषय घेतला तो चित्पावन ब्राह्मणांचा, म्हणजे पेशव्यांच्याच जातीचा.