श्वसनविषाणूंच्या लाटेतील बालउपचार

श्वसनमार्गाच्या विषाणूंची साथ उसळून रुग्णालयांत लहान मुलांची एकाएकी गर्दी होते, त्या काळातील उपचार व त्यांचे नियोजन. या गर्दीमागे मुख्यतः रेस्पिरेटरी सिन्सिशियल विषाणू (आरएसव्ही) आणि इन्फ्लुएंझा असतात. १९५६ मध्ये चिंपांझींत प्रथम आढळलेल्या आरएसव्हीची लागण दोन वर्षांच्या आत जवळजवळ प्रत्येक मुलाला होऊन जाते. बहुतेकांचे सर्दी-खोकल्यावर निभावते, पण थोड्या बाळांच्या फुप्फुसांतील बारीक श्वासनलिका सुजतात व चिकट स्रावाने बुजतात. याला ब्राँकिओलायटिस म्हणतात.

धोका वयामुळे वाढतो. तान्ह्या बाळाची श्वासनलिका मुळातच अरुंद, त्यात ते बहुतांशी नाकानेच श्वास घेते. म्हणून नुसते चोंदलेले नाकही त्याला जड जाते. असे बाळ दोन घोट ओढते, स्तन सोडून धापा टाकते, पुन्हा तोंड लावते आणि दमून झोपी जाते. दूध निम्म्यावर येणे, लघवी कमी होणे, नाकपुड्या फुलणे, पोट उडणे, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे या खुणा तापाच्या आकड्यापेक्षा जास्त बोलक्या असतात. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आत ६०, एक वर्षाच्या आत ५० आणि पाच वर्षांच्या आत ४० किंवा त्याहून अधिक श्वास म्हणजे जलद श्वसन. ओठ निळसर पडणे, कण्हणे किंवा श्वास मध्येच थांबणे यांत क्षणाचाही उशीर चालत नाही.

उपचार साधे, पण चिकाटीचे आहेत. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब टाकून स्राव ओढून काढणे, थोडे थोडे दूध वारंवार पाजणे, ते जमत नसेल तर नाकातून घातलेल्या नळीने देणे आणि रक्तातील प्राणवायू घटल्यास तो पुरवणे. ब्राँकिओलायटिसमध्ये प्रतिजैविके, स्टेरॉइड किंवा वाफारे सरसकट दिल्याने फायदा होत नाही. पालकांना ‘काहीच औषध नाही’ हे पटवणे अवघड जाते, आणि त्यासाठी वेळ दिलाच पाहिजे. आजार साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी शिगेला पोहोचतो. दुसऱ्या दिवशी घरी पाठवलेल्या बाळाच्या पालकांना ते सांगितलेले असावे.

लाटेत खरी टंचाई पडते ती लहान मुलांची शुश्रूषा जाणणाऱ्या परिचारिकांची. खाटा वाढवता येतात, दर दोन-तीन तासांनी नाक साफ करणारे, दूध पाजणारे सराईत हात एका रात्रीत तयार होत नाहीत. २०२२ च्या अखेरीस कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात १४ वर्षे व त्यापुढील मुलांना प्रौढांच्या रुग्णालयांत घेण्यास सांगण्यात आले, ते बालरुग्णालयांतील जागा लहानग्यांसाठी मोकळी राहावी म्हणून. एकाच विषाणूचे रुग्ण एकत्र ठेवणे आणि प्रत्येक बाळानंतर हात धुणे यांमुळे वॉर्डातला फैलाव आटोक्यात राहतो.

२०२३ पासून गर्भवतींसाठी आरएसव्हीची लस उपलब्ध आहे. बाळाला थेट देण्याचे निर्सेव्हिमॅब हे दीर्घकाळ टिकणारे प्रतिपिंडही (विषाणूला निष्प्रभ करणारे प्रथिन) आता काही देशांत वापरात असून, एका मात्रेने सुमारे पाच महिने संरक्षण मिळते.